अर्धा रत्तल

मार्च महिन्यातला दुसरा गुरुवार उजाडला तेव्हा थिक्सबीत रस्ता कुठला आणि कुंपण कुठलं हे जुन्या माणसांनाच सांगता येत होतं. बुधवारभर वारा आणि बर्फ यांनी मिळून गाव पार गाडून टाकलं होतं. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, कोळशाची गाडी वाटेत कुठेतरी रुतून बसली होती, आणि आम्ब्रोज मेगिन्सन आपल्या गिरणीच्या दारात फावडं टेकून एका खांबाकडे बघत उभा होता. खांबाचं फक्त टोक दिसत होतं.

तो खांब म्हणजे थिक्सबीच्या शर्यतीचा शेवट. तसाच दुसरा दगडी खांब चार मैलांवर, रेल्वे फाटकापाशी, तिथून सुरुवात. मध्ये उडी नाही, अडथळा नाही, नुसती माळावरची सरळ वाट. घोडा कुठलाही चालेल, स्वार कुणीही चालेल. तीनशे अठ्ठावीस वर्षं, मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी, ही शर्यत चुकली नव्हती. दक्षिणेकडे लोक उंच टोप्या घालून ज्या शर्यती बघायला जातात त्या हिच्यापुढे कालची पोरं, असं थिक्सबीकर सांगत. सांगत कसले, न विचारता ऐकवत.

आणि का ऐकवू नये? क्रॉमवेलनं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा गावातले अकरा जण धुक्याच्या सकाळी, घोड्यांना नाल ठोकायला नेतोय असं शिपायाला सांगून निघाले आणि लोहाराकडे जरा घाईनं पोचले. प्लेगच्या साली दोघे भाऊ एकमेकांत शंभर हातांचं अंतर राखून धावले. १९१७ साली सरकारनं गावचे सगळे घोडे फ्रान्सच्या लढाईवर नेले, तर पोस्टमास्तरीणबाईंचं तट्टू आणि दूधवाल्याचं आंधळं तट्टू यांच्यात चुरस झाली. आंधळं जिंकलं. हे सगळं कातडी बांधणीच्या एका जाड वहीत लिहिलेलं होतं. गाव तिला पोथी म्हणायचं आणि ती मेगिन्सनांच्या घरी असायची. आम्ब्रोजचा पणजा शर्यतीचा कारभारी, आजा कारभारी, बाप कारभारी, आणि आता त्रेसष्ट वर्षांचा आम्ब्रोज कारभारी. गिरणीत पीठ कमी दळलं गेलं तरी त्याला चालायचं, पोथीवर धूळ बसलेली चालायची नाही.

पोथीत नऊ नियम होते. नववा सगळ्यात छोटा: ज्या वर्षी शर्यत धावली जाणार नाही, त्या वर्षापासून ती कायमची संपली.

"तुझ्या बघण्यानं वितळणार आहे का ते?" आतून आयव्हीनं विचारलं. आयव्ही त्याची बायको, चाळीस वर्षं त्याच्या नियमांबरोबर नांदलेली. "चहा घे. साखर संपलीय या आठवड्याची, पण निदान गरम आहे."

"पाहुणे घोडे येणं शक्य नाही," आम्ब्रोज म्हणाला. "काल तिघांकडे जाऊन आलो. एक म्हणतो पाय मोडला तर घोड्याला गोळी कोण घालणार. दुसरा म्हणतो एकट्या घोड्याची शर्यत कसली. तिसऱ्यानं दारच उघडलं नाही."

"चौथं घर राहिलं."

आम्ब्रोज चहा फुंकत राहिला.

"समोरचं," आयव्ही म्हणाली. "नेलचा सार्जंट आहे की. या गावात दुसरं कुठलं जनावर आज चालेल तरी का? बारा पावलांचा रस्ता आहे, आम्ब्रोज."

"तेरा वर्षांचा आहे."

ते खरं होतं. समोरच्या शेताची मालकीण नेल वॉरम तेरा वर्षं आम्ब्रोजशी एक अक्षर बोलली नव्हती. दोघं एका शाळेत शिकलेली, एका चर्चमध्ये बसणारी, पण १९३४ पासून तिनं त्याच्या गिरणीत दाणा दळायला टाकला नाही. सहा मैल लांबच्या गिरणीत न्यायची. रस्त्यात समोरासमोर आली की मान अशी वळवायची की जणू आम्ब्रोजच्या जागी कुंपणच आहे.

चौतीस साली झालं होतं असं. नेल आपल्या डचेस नावाच्या घोडीवर चौदा पुरुषांच्या पुढे आली होती. बाई जिंकली, असं आधी कधी झालं नव्हतं. अर्ध्या गावाच्या टोप्या हवेत उडाल्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग सहावा नियम आडवा आला. स्वाराचं वजन खोगीर सोडून दहा स्टोन, म्हणजे एकशे चाळीस रत्तल भरलं पाहिजे, निघतानाही आणि पोचल्यावरही. ज्याचं कमी भरेल त्यानं अंगावर वजन बाळगावं आणि ते ज्याचं त्यानं सांभाळावं. नेल अंगानं हलकी. कारभाऱ्याच्या पेटीतली वाळूची पिशवी कमरेला बांधून ती धावली होती. पोचल्यावर तराजूत बसली आणि काटा हलला. अर्धा रत्तल कमी. आम्ब्रोजनं दोनदा तोललं, तिसऱ्यांदा तोललं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की नेल वॉरम बाद. बक्षिसाचा पेला दुसऱ्या आलेल्याला गेला. नेल तराजूतून उतरली, घोडीची लगाम धरली आणि घरी गेली.

लोक म्हणाले, आम्ब्रोज कडक आहे पण सरळ आहे. आम्ब्रोजला मात्र ते बोलणं ऐकवत नसे. त्या संध्याकाळी त्यानं पेटी उघडून उरलेल्या पिशव्या उलट्यापालट्या केल्या, तर दोन पिशव्यांच्या बुडाला उंदरांनी कुरतडलेलं. कण कण वाळू गळेल एवढंच भोक. नेलची पिशवीही त्याच पेटीतली. त्यानं त्या सगळ्या पिशव्या चुलीत घातल्या आणि ही गोष्ट आयव्हीलासुद्धा सांगितली नाही. नियम चुकला नव्हता. वजन सांभाळायचं काम स्वाराचंच. पण पेटी कारभाऱ्याची होती, आणि तेरा वर्षं ते उंदीर त्याच्या जिवाला कुरतडत होते.

"मीच जाऊ का विचारायला?" आयव्ही म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "कारभाऱ्यानं विचारायचं असतं." त्यानं टोपी घातली, फावडं उचललं, आणि बारा पावलांचा रस्ता खणत समोरच्या दाराशी पोचायला त्याला पाऊण तास लागला.

नेल तबेल्यात होती. एक्कावन्न वर्षांची, करवतीच्या पात्यासारखी सडपातळ आणि तशीच ताठ. सार्जंट म्हणजे नांगराचा राखी घोडा, पायांवर झुपके, पाठ जेवणाच्या टेबलाएवढी रुंद. ती त्याच्या पोटावरून ब्रश फिरवत होती.

"नेल," आम्ब्रोज म्हणाला.

तिनं ब्रश थांबवला नाही. "बोला, कारभारी."

लहानपणापासून अरेतुरे करणारी ही बाई त्याला अहोजाहो करत होती. आम्ब्रोजला शिवी बरी वाटली असती.

"आज दुसरा गुरुवार आहे."

"माझ्याकडे कॅलेंडर आहे."

"घोडा कुणाकडे नाही."

"आहेत की. जॅक्सनांकडे तीन आहेत."

"माणसं नाहीत." आम्ब्रोजनं टोपी काढली. थंडीनं कान बधिर झाले होते आणि शरमेनं गरमही झाले होते. "नेल, मी तुला विचारायला आलोय. शर्यतीत उतरशील का? तू नाही म्हणालीस तर आज संध्याकाळी मला पोथी मिटावी लागेल. माझ्या हातानं. तीनशे अठ्ठावीस वर्षांत जे कुणाच्या हातून झालं नाही ते."

नेलनं ब्रश खुंटीला अडकवला. मग सार्जंटचा पुढचा पाय उचलून आम्ब्रोजला दाखवला. नालाला नवेकोरे टोकदार खिळे मारलेले होते, बर्फावर पाय निसटू नये म्हणून मारतात तसे.

"परवाच क्लॅरेन्स लोहाराला बोलावून मारून घेतले," ती म्हणाली. "सोमवारपासून ओट्स वाढवलेत. सकाळी सहालाच खोगीर काढून ठेवलंय."

"मग तू आली का नाहीस?"

"बोलावल्याशिवाय मी जात नाही, कारभारी. वजन कधी करायचं?"

गिरणीतला पोती तोलायचा तराजू हाच शर्यतीचा तराजू. एका पारड्यात आम्ब्रोजनं दोन छप्पन्न रत्तली आणि एक अठ्ठावीस रत्तली वजन ठेवलं, झाले एकशे चाळीस. दुसऱ्या पारड्यात नेल बसली आणि वर हवेत गेली.

"अगंबाई," आयव्ही म्हणाली, "रेशननं तुझं काही ठेवलंच नाही की! हा वाराच घेऊन जाईल तुला."

आम्ब्रोजनं सवयीनं पेटीकडे हात नेला. आता पिशव्या नव्या होत्या, जाड कापडाच्या, दर वर्षी तो स्वतः तपासायचा. पण नेलनं त्याच्याकडे न बघताच पाठीवरची पडशी काढून मांडीवर घेतली. तिच्यात दोन लोखंडी इस्त्र्या आणि सार्जंटचे झिजलेले नाल होते. पारडं हळूहळू खाली आलं, समोरच्याच्या बरोबरीला आलं, आणि मग केसभर आणखी खाली गेलं.

"जरा जास्त होतंय," आम्ब्रोज म्हणाला. "घोड्याला उगाच ओझं. एखादा हलका नाल बदल."

"राहू द्या."

"अगं पण..."

"कमी चालत नाही असं लिहिलंय. जास्त चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. आम्ब्रोजनं पोथीत तिचं नाव चढवलं. एरवी इथे वीस-वीस नावं असत, आज एकच होतं.

दहाला दहा मिनिटं कमी असताना नेल निघाली. आधी चार मैल फाटकापर्यंत जायचं, मग तिथून चार मैल परत धावायचं, ही तिथली पद्धतच होती. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खांबाला स्वार खोगिरावर हवा, मध्ये उतरला तरी चालेल. घोड्याला किंवा स्वाराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि सगळं सूर्य मावळायच्या आत. कारभाऱ्यानं स्वार निघाल्यापासून विजयखांब सोडायचा नाही, हा चौथा नियम. पंचांगाप्रमाणे सूर्यास्त पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी होता. आम्ब्रोजनं घड्याळाला चावी दिली आणि खांबाशी जाऊन उभा राहिला.

चालणारी माणसं थंडीला तोंड देतात, उभ्या माणसाला ती खाते. आम्ब्रोजनं आधी खांब मोकळा केला. मग खांबाभोवती वर्तुळ खणलं. मग वर्तुळ मोठं केलं. आयव्ही पावावर चरबी लावून घेऊन आली, त्यानं तो उभ्यानंच खाल्ला. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. फाटकापर्यंत पोचली की नाही, पोचलीच नाही तर कुठल्या ओघळात पडलीय, याचे विचार त्याच्या डोक्यात गिरणीच्या दगडासारखे फिरत होते. तिला काही झालं तर शर्यत वाचली काय आणि मेली काय, असं त्याच्या मनात आलं आणि तो दचकला, कारण असा विचार त्याला उभ्या जन्मात आला नव्हता.

एक वाजून वीस मिनिटांनी क्षितिजावर धुराची रेघ उठली. फाटकवाला जबेझ सिसन्स शर्यत सुटली की ओला पेंढा पेटवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप पेटवायचा.

"सुटली!" आम्ब्रोज एकटाच ओरडला. आजूबाजूला ऐकायला एक कोंबडा होता.

पण कोंबड्याखेरीज आणखी कुणीतरी तो धूर पाहिला होता. लोहार क्लॅरेन्स खांद्यावर फावडं टाकून आला. सकाळी लवकरच उठलेला असावा, कारण शर्यत सुटायच्या आधीच दारू चढली होती असं त्याच्या नाकावरून दिसत होतं.

"कारभारी, पोथीत काय म्हटलंय? घोड्याला हात लावायचा नाही. स्वाराला हात लावायचा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"बर्फाला?"

आम्ब्रोजनं डोळे मिटून नऊच्या नऊ नियम मनात म्हटले. "बर्फाबद्दल पोथीत एक शब्द नाही," तो म्हणाला.

"मग झालं!" क्लॅरेन्स गल्लीकडे वळून एवढ्या मोठ्यानं ओरडला की छपरावरचं बर्फ घसरलं. "अरे निघा बाहेर, आळश्यांनो! बाई एकटी चार मैल तुडवत येतेय आणि तुम्ही चुलीपाशी ढुंगण शेकताय?"

दारं उघडली. आधी दोघे आले, मग सहा, मग तीसेक. शाळेची मास्तरीण आली, पाद्रीबाबा आले, काल दार न उघडणारा तिसरा शेतकरीही आला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता सगळ्यात पुढे जाऊन खणू लागला. ज्यांच्याकडे फावडं नव्हतं त्यांनी कोळशाचं खोरं आणलं, एका बाईनं भाकरीचं मोठं तबक आणलं. विजयखांबापासून माळाकडे ते खणत निघाले, आणि दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध चढत गेले. आम्ब्रोज खांब सोडू शकत नव्हता. तो तिथूनच बघत होता आणि त्याची छाती भरून आली होती. हे माझं गाव, असं तो पुन्हापुन्हा मनात म्हणत होता. एरवी हेच लोक कुंपणाच्या वितीभर जागेवरून वर्ष वर्ष भांडत.

तीन वाजता पुन्हा बर्फ पडू लागलं. चारला थांबलं. पाचला उजेड पिवळा झाला. पावणेसहाला दहा मिनिटं असताना खणणाऱ्यांच्या पुढच्या टोकाला कुणीतरी हात वर केला.

नेल पायी येत होती. लगाम खांद्यावरून घेऊन पुढे ती, मागे सार्जंट. घोड्याच्या पायांच्या झुपक्यांना बर्फाचे गोळे लोंबत होते आणि नाकातून वाफेचे लोट निघत होते. नेल चालत होती म्हणण्यापेक्षा एक पाय उचलून दुसऱ्याच्या पुढे ठेवत होती. लोक बाजूला झाले. कुणी आरोळी ठोकली नाही. खणलेल्या वाटेवर घोड्याच्या टापा वाजल्या आणि त्या आवाजानं सार्जंटनं मान वर केली.

खांब शंभर पावलांवर आला तेव्हा नेल थांबली. आता खोगिरावर चढायचं होतं. तिनं रिकिबीत पाय घालायला उचलला, तो गुडघ्याइतकासुद्धा उचलला गेला नाही. पुन्हा उचलला. पाठीवर साडेअठरा रत्तल लोखंड, आठ मैलांची चाल, आणि घोडा हा एवढा उंच.

क्लॅरेन्स एक पाऊल पुढे झाला.

"हात लावू नकोस!" आम्ब्रोज खांबापासून ओरडला. आवाज चिरका निघाला. "क्लॅरेन्स, देवाशपथ, हात लावू नकोस!"

"अहो, पण पाच त्रेपन्न झाले!"

नेलनं इकडेतिकडे बघितलं. मग तिनं सार्जंटला वाटेच्या कडेला नेलं आणि उकरून काढलेल्या बर्फाच्या बांधावर हातापायांवर रांगत चढली. बांध कमरेहून उंच होता. तिथून ती घोड्याच्या पाठीवर अक्षरशः पडली, सरळ झाली आणि लगाम उचलली. थिक्सबीच्या तीस माणसांनी दुपारभर खणलेलं बर्फ तिच्या पायाखाली आलं होतं, आणि कुणाचाही हात तिला लागला नव्हता.

"चल रे," ती घोड्याला म्हणाली.

सार्जंटनं काय समजून घेतलं कोण जाणे. नांगराचा घोडा तो, पण शेवटची साठ पावलं तो दुडक्या चालीनं आला. पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी त्याचं नाक विजयखांबाच्या पुढे गेलं, आणि मग जो गिल्ला झाला तो फाटकावरच्या जबेझलाही ऐकू गेला असेल.

पाद्रीबाबांनी टोपी उडवली. मास्तरीण रडत होती आणि रडत नाही म्हणत होती. क्लॅरेन्सनं सार्जंटच्या पाठीवर पोती टाकली आणि गिरणीच्या दारातून ओरडला, "लिहा, कारभारी, लिहा! आणि दुसरा नंबर सार्जंटचा लिहा. सगळी प्रवेशफी दुसऱ्याला मिळते ना? येऊन जाऊन एकाचीच आहे, त्याच्या गाजरांना होईल!"

सगळे हसले. आम्ब्रोजनं पोथी उघडली. नेल तराजूकडे बघत होती.

आम्ब्रोजनंही तराजूकडे बघितलं. ओघळात काही पडलं असेल तर? पडशी फाटली असेल, एखादा नाल गळाला असेल तर? मग जिंकणारा कुणी नाही, आणि ज्या शर्यतीला जिंकणारा नाही ती झालीच नाही. सकाळी एकदा तोललंय, समोर दुसरा स्वार नाही, कुणाचं काही जाणार नाही. सगळं गाव हेच म्हणेल. आयुष्यात पहिल्यांदा आम्ब्रोज मेगिन्सनला एक नियम विसरावासा वाटला.

"चहा दे गं तिला," तो आयव्हीला म्हणाला. "वजनाचं काय, एकटीच तर होती. मी लिहून टाकतो."

नेलनं त्याच्याकडे बघितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"तोल," ती म्हणाली.

"नेल..."

"तोल म्हणते ना! चौतीस साली तोललंस, आज का नाही? तेव्हा मी तुझी बहीण लागत नव्हते आणि आजही तुझी आई लागत नाही. शर्यत म्हणजे शर्यत."

ती दाराबाहेर गेली. कोटावरचं बर्फ झटकलं, टोपी आपटली, बूट भिंतीवर ठोकून ठोकून मोकळे केले, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बर्फानं भर घातली. मग आत येऊन तराजूत बसली. आम्ब्रोजनं दोन छप्पन्नी आणि एक अठ्ठाविशी ठेवली आणि साखळीवरचा हात काढला.

नेलचं पारडं खाली आलं. बरोबरीला आलं. आणि केसभर आणखी खाली गेलं.

"भरलं," आम्ब्रोज म्हणाला. पारडं किती झुकलंय ते निरखून त्यानं कायदेशीर वाक्य पुरं केलं. "दहा स्टोन. आणि वर अर्धा रत्तल."

नेलनं हातमोजा काढला. कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटं पितळी वजन काढलं, वाण्याच्या दुकानात असतं तसं अर्ध्या रत्तलाचं, आणि पोथीशेजारी टेबलावर ठेवलं. तिचं पारडं उचललं गेलं आणि दोन्ही बाजू एका रेषेत स्थिर झाल्या.

"हा आजचा नाही," ती म्हणाली. "हा चौतीस सालचा. तुला द्यायचा राहिला होता ना, तो घे."

आम्ब्रोज त्या पितळी वजनाकडे बघत राहिला, आणि मग ज्या गोष्टीला तेरा वर्षं तोंड फुटलं नव्हतं तिला फुटलं.

"पिशवी माझ्या पेटीतली होती," तो म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उंदरानं कुरतडलेली. मी देताना बघितली नाही. त्याच संध्याकाळी मला कळलं आणि मी उरलेल्या पिशव्या जाळल्या. नेलची चूक नव्हती. माझी होती. मी गप्प बसलो."

"आम्ब्रोज!" आयव्हीनं तोंडावर हात ठेवला.

"मला माहीत आहे," नेल म्हणाली.

"काय?"

"तुझ्या पिशव्या तू जाळल्यास. माझी माझ्याकडेच आहे. शिवण धड आहे, बुडाला उंदराचे दात आहेत. मी त्याच रात्री दिव्यापाशी धरून बघितली."

"मग बोलली का नाहीस? सगळं गाव तुझ्या बाजूनं उभं राहिलं असतं!"

"काय बोलू? उंदरानं हरवलं म्हणून सांगू?" नेल तराजूतून उतरली. तिनं कुणाला धरलं नाही. "वजन स्वारानं सांभाळायचं असं लिहिलंय. मी पिशवी उलटून बघायला हवी होती, नाही बघितली. बाद झाले ते बरोबर झाले. तुझा निकाल मला कधीच खुपला नाही, आम्ब्रोज. तू एकदा समोर येऊन सांगशील म्हणून वाट बघत होते. बारा पावलं तर होती."

आम्ब्रोजनं मान खाली घातली. मग पोथीची पानं भराभर मागे उलटून चौतीस साल काढलं आणि दौतीत टाक बुडवला. नेलचा गारठलेला हात पानावर आडवा पडला.

"त्याला हात लावायचा नाही. लिहिलेलं खोडायला लागलास तर मग तुझ्या पोथीत आणि माझ्या किराणाच्या यादीत फरक काय? आजचं लिही."

आम्ब्रोजनं आजचं पान काढलं. वर्ष १९४७. स्वार, नेल वॉरम. घोडा, सार्जंट. किती धावले, एक. शेवटचा रकाना वजनाचा. पहिल्या पानापासून त्या रकान्यात प्रत्येक कारभाऱ्यानं एकच शब्द लिहीत आणला होता, 'पुरे'. आम्ब्रोजनं तिथे नीट, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'दहा स्टोन आणि अर्धा रत्तल'. मग त्यानं पोथी वळवून तिच्यासमोर धरली.

नेलनं वाचलं. दोनदा वाचलं. डोळे पुसायला तिच्याकडे कोरडी बाही नव्हती, म्हणून आयव्हीनं आपला पदर दिल्यासारखा एप्रन पुढे केला.

"दाणा उद्या पाठव," आम्ब्रोज म्हणाला. "सहा मैल कशाला नेतेस?"

"दळतोस कसा ते बघून ठरवीन," नेल म्हणाली आणि आयव्हीच्या हातातला चहा घेऊन आधी सार्जंटला बघायला बाहेर गेली.

आम्ब्रोजनं टेबलावरचं पितळी वजन उचललं. तिच्या अंगाची ऊब त्याला अजून होती. त्यानं पेटी उघडली, नव्या पिशव्या एकेक करून उलट्या केल्या, प्रत्येकीच्या बुडावरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्यावर ते वजन ठेवून झाकण लावलं.